जुन्या मोटारगाडीच्या टायमिंग बेल्टसाठी सुट्या भागांची निवड

टायमिंग बेल्ट हा मोटारगाडीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा, आतल्या बाजूस दाते असलेला रबरी पट्टा होय. गॅरेजच्या भाषेत त्याला टायमिंग पट्टा किंवा नुसते ‘टायमिंग’ असेही म्हणतात. ठरावीक अंतर कापल्यावर किंवा ठरावीक वर्षे लोटल्यावर तो बदलावा लागतो. गाडी नवी असेपर्यंत हे काम अधिकृत सेवाकेंद्रात होते आणि कोणता भाग घालायचा हा प्रश्न मालकापुढे येतच नाही. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, तिचे उत्पादन थांबले किंवा तिची कंपनीच देशातून निघून गेली, की हा निर्णय मालक, मेकॅनिक आणि सुट्या भागांचा दुकानदार यांच्यावर येऊन पडतो. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार महाराष्ट्रात बनलेल्या किंवा येथे मोठ्या संख्येने वापरल्या गेलेल्या गाड्यांच्या आणि नवी मुंबईतील तुर्भे परिसराच्या संदर्भात केला आहे.

कार्य आणि बिघाड

चार आघातांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्रावर क्रँकशाफ्टच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. झडपा आणि दट्टे यांचा हा मेळ राखणे एवढेच या पट्ट्याचे काम. पण त्यात एका दाताचीही चूक चालत नाही.

पट्टा तुटल्यावर काय होईल, हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. काही इंजिनांत पूर्ण उघडलेली झडप आणि वर आलेला दट्ट्या यांच्यात मोकळी जागा उरते. पट्टा तुटला तर अशी गाडी बंद पडते, नवा पट्टा चढवला की पुन्हा चालू होते. फियाट युनोमधील सुरुवातीच्या आठ झडपांच्या ‘फायर’ इंजिनाची ख्याती अशीच होती. ज्या इंजिनांत ही जागा सामाईक असते, त्यांना इंटरफिअरन्स इंजिने म्हणतात. त्यांत दट्टा उघड्या झडपेवर आदळतो, झडपा वाकतात, कधी दट्ट्यालाच भोक पडते. डिझेल इंजिनांत दाबाचे गुणोत्तर मोठे असल्याने दट्ट्याच्या माथ्यावर फारच थोडी जागा असते. त्यामुळे पट्ट्यावर चालणारी डिझेल इंजिने जवळपास सर्वच या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

जुन्या गाडीच्या बाबतीत या फरकाला आर्थिक अर्थ आहे. हेड उतरवून झडपा बदलण्याचा खर्च बहुधा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो किंवा त्याहून अधिक होतो, आणि एरवी धडधाकट असलेली गाडी भंगारात जाते. मोटार विम्याच्या प्रमाणित पत्रात यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असल्याने विम्याकडूनही काही मिळत नाही. शिवाय इंजिन धावत्या गाडीत बंद पडते, तेव्हा पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेकचा निर्वात साहाय्यक एक-दोन दाबांनंतर निकामी होतो. वाशीच्या खाडीपुलावर किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या मधल्या मार्गिकेत असे घडणे हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

उगम

दातेरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मलेला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस यांनी तो सिंगर शिवणयंत्रातील सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखण्यासाठी विकसित केला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारीत तो प्रथम आला तो जर्मनीतील हान्स ग्लास या बव्हेरियन कंपनीच्या ‘ग्लास १००४’ या गाडीत, १९६२ साली. त्यानंतर १९६६ मध्ये फियाटने आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी आखलेल्या दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनात तो स्वीकारला. साखळीपेक्षा पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि वंगण न लागणारा होता. साखळी मात्र बहुधा इंजिनाच्या आयुष्याइतकी टिके.

भारतातील जुन्या गाड्या

मुंबईच्या टॅक्सींतून ओळखीची झालेली प्रीमियर पद्मिनी, तसेच हिंदुस्थान अॅम्बेसेडर, यांत साखळीच होती. त्यामुळे त्या काळातील मेकॅनिकांना पट्ट्याची सवय नव्हती. भारतीय रस्त्यांवर टायमिंग बेल्ट सार्वत्रिक झाला तो मारुतीमुळे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसी, तीन सिलिंडरचे एफ८बी इंजिन पट्ट्यावर चालणारे होते. ओम्नी, झेन, एस्टीम, पहिली वॅगन-आर या सर्व गाड्यांत पट्टाच होता. १९९८ मध्ये आलेली ह्युंदाई सँट्रो, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्यातून बाहेर पडलेली इंडिका, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट युनो आणि पालिओ, डेवूच्या सिएलो आणि मॅटिझ, नाशिकला बनलेली महिंद्र-रेनो लोगन, ही यादी पुष्कळ लांबवता येईल.

मात्र गाडीचे नाव सांगून पट्टा मागणे ही निवडीतील पहिली आणि सर्वांत सामान्य चूक होय. एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळी इंजिने बसवत आल्या आहेत. २००५ च्या स्विफ्टमधील १.३ लिटर पेट्रोल इंजिन पट्ट्याचे, तिच्यात पुढे आलेले १.३ लिटर डिझेल साखळीचे, आणि २०१० नंतरचे १.२ लिटर के-मालिकेतील पेट्रोल इंजिनही साखळीचे. ७९६ सीसीच्या ऑल्टोत पट्टा आहे; ऑल्टो के१० मध्ये साखळी. १९९८ ची होंडा सिटी पट्ट्याची, २००३ ची सिटी साखळीची. साखळीच्या गाडीसाठी टायमिंग पट्टा शोधत दुकाने पालथी घालणारा मालक हा दुकानदारांच्या नेहमीच्या किश्शांचा विषय असतो.

याची दुसरी बाजू अशी की वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत एकच इंजिन असू शकते, आणि दुर्मीळ गाडीच्या मालकाला ही माहिती फार उपयोगी पडते. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे १,५२७ सीसीचे टीयूडी५ हे डिझेल इंजिन याचे उत्तम उदाहरण आहे. कल्याणजवळच्या कारखान्यात १९९० च्या दशकात बनलेली प्यूजो ३०९, नंतर मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्या, आणि २००९ मध्ये चिंचवडच्या प्रीमियर कंपनीची रिओ या सर्वांत ते होते. त्यामुळे प्यूजो ३०९ चा पट्टा मिळेनासा झाला तरी त्याच इंजिनाचा पट्टा इतरत्र सापडण्याची शक्यता राहते. लोगनमधील १.५ लिटर डिझेल रेनोच्या के९के मालिकेतील आहे. हेच कुटुंब पुढे डस्टर आणि व्हेरिटोत वापरले गेले. इंडिकाच्या १,४०५ सीसी इंजिनाचे अर्धे रूप म्हणता येईल असे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन टाटा एसमध्ये, म्हणजे ‘छोटा हत्ती’त आले. यावरून सर्व भाग परस्पर चालतील असे मात्र समजू नये. इंधनपंप बदलला, चक्राचा व्यास बदलला, की त्याच कुटुंबातल्या इंजिनाला वेगळ्या लांबीचा पट्टा लागतो. मॅटिझ आणि तिची पुढची पिढी असलेली शेव्हरले स्पार्क दिसायला बहिणी. इंजिने ७९६ आणि ९९५ सीसीची, निराळी.

इंजिनाची ओळख आणि भागक्रमांक

म्हणून निवडीची सुरुवात नोंदणी पुस्तकातील चेसिस आणि इंजिन क्रमांकापासून होते. इंजिन क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे बहुधा इंजिनाची मालिका सांगतात. जुन्या गाडीचे इंजिन कधीतरी बदललेले असू शकते. तेव्हा पुस्तकातील क्रमांक इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. हा मेळ नसेल तर पट्ट्याआधी परिवहन कार्यालयाचा प्रश्न उभा राहतो, पण तो या लेखाचा विषय नाही.

इंजिन कळले की उत्पादकाच्या यादीतून भागक्रमांक मिळतो. या क्रमांकांत पद्धत असते. सुझुकीच्या आणि म्हणून मारुतीच्या टायमिंग बेल्टचा क्रमांक १२७६१ ने सुरू होतो, टेन्शनरचा १२८१० ने. ह्युंदाईत हेच अनुक्रमे २४३१२ आणि २४४१० असतात. होंडात १४४०० आणि १४५१०. पुढचे अंक व अक्षरे तो भाग कोणत्या इंजिनासाठी आहे ते सांगतात. पहिले पाच अंक जुळले म्हणजे ‘पट्टा’ जुळला. ‘आपला पट्टा’ जुळण्यासाठी शेवटपर्यंतचे सर्व अंक पाहावे लागतात. काळाच्या ओघात उत्पादक सुधारित भागाला नवा क्रमांक देतो आणि जुना रद्द करतो. पेटीवरचा क्रमांक जुन्या पट्ट्यावरील क्रमांकाशी न जुळणे याचा अर्थ चुकीचा माल असाच होत नाही. मात्र नव्या क्रमांकाने जुन्याची जागा घेतली आहे हे यादीत दिसले पाहिजे, दुकानदाराच्या शब्दावर सोडता येत नाही.

यादीच मिळत नसेल तर जुना पट्टा हा अखेरचा पुरावा. त्याच्या पाठीवरील छपाई पुसली असली तरी दाते मोजता येतात, व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजता येते आणि दातांचा आकार पाहता येतो. जुन्या धर्तीचे दाते समलंब आकाराचे असतात आणि दोन दातांमधील अंतर बहुधा ९.५२५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाचे तीन अष्टमांश असते. नंतरच्या गोलसर दातांच्या पट्ट्यांत हे अंतर बहुधा ८ मिलिमीटर असते. दातांची संख्या, अंतर, आकार आणि रुंदी या चारही गोष्टी जुळल्याखेरीज पट्टा योग्य ठरत नाही. अरुंद पट्टा चढतो, चालतो आणि लवकर तुटतो. रुंद पट्टा आवरणाला घासत राहतो. ‘बसला म्हणजे चालला’ हा न्याय येथे लागू नाही.

एकटा पट्टा की संच

पट्टा एकटा काम करीत नाही. त्याचा ताण राखणारा टेन्शनर, काही इंजिनांत त्याला दिशा देणारी आयडलर कप्पी, क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टच्या टोकांवरील ऑइल सील, आणि अनेक इंजिनांत त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप, हे सर्व त्याच्याइतकेच जुने झालेले असतात. जुन्या गाड्यांत पट्टा तुटण्याचे कारण पुष्कळदा पट्ट्यात नसते. टेन्शनरच्या बेअरिंगमधील ग्रीस सुकते, बेअरिंग जाम होते, आणि न फिरणाऱ्या कप्पीवरून घासत जाणारा पट्टा तापून फाटतो. नामांकित कंपनीचा पट्टा आणि बिननावाचा टेन्शनर ही जोडी म्हणूनच सर्वांत फसवी काटकसर आहे. पैसे वाचवायचेच असतील तर ते पट्ट्यापेक्षा बेअरिंगवर वाचवणे अधिक धोक्याचे, हे मत अनुभवी मेकॅनिकांत सहज ऐकू येते, आणि ते रास्त आहे.

या कारणाने पट्टा व कप्प्या एकत्र असलेला संच घेणे सोयीचे असते. एसकेएफच्या क्रमांकपद्धतीत व्हीकेएमए ने सुरू होणारा संच पंपाविना, तर व्हीकेएमसी ने सुरू होणारा पंपासह असतो. गेट्स, डेको, कॉन्टिनेंटल, शेफ्लर समूहाची आयएनए या कंपन्यांचे संचही प्रचलित आहेत. बंद झालेल्या भारतीय गाड्यांसाठी मात्र संच दरवेळी मिळेलच असे नाही. तेव्हा भाग सुटे गोळा करावे लागतात. अशा वेळी बेअरिंगचा क्रमांक पाहून नामांकित बेअरिंग बसवलेला टेन्शनर निवडणे उत्तम. हाताने फिरवून पाहिल्यास चांगला टेन्शनर किंचित जड, पण एकसारखा फिरतो. कोरडा, खळखळत दीर्घकाळ फिरत राहणारा टेन्शनर ‘मोकळा’ नव्हे, तर ग्रीस संपलेला असतो.

पाण्याच्या पंपाबाबत नियम इंजिनागणिक बदलतो. फियाटचे फायर, होंडाचे जुने डी-मालिकेतील आणि सिएलोसारख्या गाड्यांतील जनरल मोटर्स घराण्याचे इंजिन यांत पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप गळू लागला तर गरम पाणी पट्ट्यावर येते. पंप जाम झाला तर पट्टा जातो. आणि पंप नंतर बदलायचा झाला तर सगळी उघडझाप पुन्हा करावी लागते. अशा इंजिनांत पंप पट्ट्याबरोबरच बदलणे शहाणपणाचे. जनरल मोटर्सच्या त्या जुन्या इंजिनांत तर पंपाचे कवच फिरवूनच पट्ट्याचा ताण लावला जातो, आणि वर्षानुवर्षे नळाचे साधे पाणी घातलेल्या गाडीत ते कवच गंजून ठोकळ्याला चिकटून बसलेले असते. याउलट पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर फिरत असेल आणि कोरडा, आवाज न करणारा असेल, तर तो बदलण्याची सक्ती नाही.

ऑइल सील ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. तेलाने रबर फुगते, मऊ पडते, दाते मुळापासून सुटतात. जुन्या इंजिनात पट्टा उघडला असता आत तेलाचा ओलावा दिसला, तर सील न बदलता नवा पट्टा चढवणे म्हणजे नव्या पट्ट्याचे आयुष्य आधीच कापून टाकणे. बाहेरचा फॅन बेल्टही याच वेळी पाहावा. तो फाटून त्याचे धागे क्रँकशाफ्टच्या कप्पीमागून टायमिंगच्या आवरणात ओढले गेल्याने टायमिंग बेल्ट घसरल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या व्यवसायात परिचित आहेत. प्लॅस्टिकचे ते आवरण हेही एक सुटा भागच आहे: जुन्या गाड्यांत ते तडकलेले, एखादा स्क्रू गमावलेले किंवा पूर्वीच्या दुरुस्तीत काढून ठेवलेले आढळते, आणि कोकणच्या पावसात चिखलपाणी सरळ पट्ट्यावर जाते.

वय, अंतर आणि तास

उत्पादक पट्ट्याची मुदत बहुधा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांदरम्यान सांगतात आणि त्याबरोबर वर्षांची मर्यादाही देतात. जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. जुन्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा तीन कारणांनी दिशाभूल करतो. पाच अंकी यांत्रिक मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. विक्रीपूर्वी मीटर मागे फिरवण्याचा प्रकार अपरिचित नाही. तिसरे कारण प्रामाणिक गाडीलाही लागू होते: पट्टा रस्त्यावर नव्हे, इंजिनाबरोबर झिजतो. ताशी सरासरी ६० किलोमीटरने ६०,००० किलोमीटर जाण्यास इंजिन १,००० तास चालते. शहरी कोंडीत ताशी २० च्या सरासरीने तेच अंतर कापायला ३,००० तास लागतात. रोज तुर्भ्याहून मुंबईत जाणाऱ्या गाडीचा आणि महामार्गावरून साताऱ्याला जाणाऱ्या गाडीचा पट्टा एकाच मापाने मोजता येत नाही.

याच्या उलट टोकाला कमी चाललेली गाडी असते. वीस वर्षांत ३५,००० किलोमीटर झालेली, निवृत्त गृहस्थांनी जपलेली गाडी जुन्या बाजारात हातोहात खपते. तिच्यातील पट्टा मात्र बहुधा कारखान्यात बसवलेला पहिलाच असतो. रबर न वापरताही वृद्ध होते. अशा गाडीची खरेदी झाल्यावर पट्टा बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

हाच नियम दुकानातल्या पट्ट्यालाही लागतो. बंद झालेल्या गाडीचा ‘कंपनीचा ओरिजिनल’ पट्टा एखाद्या जुन्या दुकानात सापडतो तेव्हा आनंद होतो; पण तो दहा-बारा वर्षे पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर पडून असेल, तर ताज्या तारखेचा चांगला पर्यायी पट्टा त्याच्यापेक्षा निःसंशय श्रेष्ठ. पूर्वीचे पट्टे निओप्रीन रबराचे असत. नंतर उष्णता अधिक सोसणारे हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर आले, त्यामुळे आजचा पर्यायी पट्टा मूळच्यापेक्षा चांगल्या द्रव्याचा असणेही शक्य आहे. पट्ट्याच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. पट्टा दुमडला, चुरगळला किंवा आतली बाजू बाहेर करून उलटवला, तर या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुकानाच्या दर्शनी भागात खिळ्याला उन्हात टांगलेला पट्टा म्हणून घेऊ नये, तो कोणत्याही कंपनीचा असो. दुकानदाराने पेटीत बसावा म्हणून घडी घालून रबरबँड लावलेला पट्टाही परत करावा.

मूळ, पर्यायी आणि बनावट माल

बाजारात पट्टे साधारणतः तीन प्रकारे मिळतात: गाडीच्या कंपनीच्या वेष्टनात, पट्टा बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेष्टनात, आणि ‘लोकल’ म्हणून. मोटार कंपन्या सहसा पट्टे स्वतः बनवीत नाहीत. पट्ट्यांच्या कारखानदारांकडून घेतात. त्यामुळे पहिल्या दोन प्रकारांतील वस्तू अनेकदा एकाच दर्जाची असते आणि फरक वेष्टनाचा व किमतीचा राहतो.

खरा प्रश्न चौथ्या, न सांगितल्या जाणाऱ्या प्रकाराचा आहे. नामांकित कंपनीच्या पेटीत निकृष्ट माल भरून विकला जातो, आणि खपाऊ गाड्यांचे पट्टे या नकलेचे सोपे लक्ष्य ठरतात. अंगठ्याने घासताच पुसली जाणारी छपाई, पाठीवर उत्पादनाचा संकेतांक नसणे, दातांवरील कापडी आवरण विरळ किंवा सुरकुतलेले असणे, कडेला दोऱ्या बाहेर आलेल्या दिसणे, पेटीवरील आणि पट्ट्यावरील क्रमांक निराळे असणे ही संशयाची लक्षणे होत. कंपन्या वेष्टनावर होलोग्राम किंवा संकेतस्थळावर तपासता येणारा संकेतांक देतात; तो दुकानातच तपासणे बरे. फार मोठी सवलत हेही एक लक्षणच मानावे. भंगारातील इंजिनावरून काढलेला टेन्शनर किंवा पंप काही मालक स्वस्त म्हणून घेतात. दरवाजा, आरसा, दिवा यांसाठी जुन्या भागांचा बाजार उपकारक आहे. टायमिंगच्या भागांसाठी नाही.

तुर्भे आणि मुंबईचा बाजार

तुर्भे हे नवी मुंबईतील उपनगर ठाणे-बेलापूर रस्ता आणि सायन-पनवेल महामार्ग यांच्या सान्निध्यात वसले आहे. एका बाजूस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा ट्रान्स-ठाणे खाडी औद्योगिक पट्टा, तर दुसऱ्या बाजूस मुंबईतून टप्प्याटप्प्याने येथे हलवलेल्या कृषी उत्पन्नाच्या घाऊक बाजारपेठा आहेत. या दोहोंमुळे तुर्भ्यात वाहनांची आणि त्यामागोमाग वाहनदुरुस्तीची वस्ती झाली: औद्योगिक भूखंडांवरील मोठी सेवाकेंद्रे, त्यांच्या आडोशाला एक-दोन गाळ्यांची गॅरेजे, आणि मालवाहतुकीच्या टेम्पोंवर हात बसलेले मेकॅनिक. येथील रस्त्यांवर दिसणाऱ्या एमएच-४३ मालिकेतील जुन्या गाड्यांना या छोट्या गॅरेजांचाच आधार असतो.

चालू मालिकांतील मारुती, ह्युंदाई आणि टाटा गाड्यांचे पट्टे नवी मुंबईतच मिळतात. बंद पडलेल्या गाड्यांसाठी वाट मुंबईकडे वळते. गिरगावातील ऑपेरा हाऊसचा परिसर सुट्या भागांच्या जुन्या व्यापारासाठी, तर कुर्ल्याचा सीएसटी रस्ता नव्या-जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. फियाटच्या गाड्या कुर्ल्यातच बनत असल्याने त्यांच्या भागांचे जाणकार त्या बाजूला अधिक, असा समज आहे. तुर्भ्याहून हार्बर मार्गाने कुर्ला गाठता येते, आणि जुना पट्टा व टेन्शनर पिशवीत घालून नेणारा मालक छायाचित्र दाखवणाऱ्यापेक्षा लवकर मोकळा होतो. अडचण अशी की जुना पट्टा हाती येण्यासाठी गाडी आधी खोलावी लागते. म्हणून अनुभवी मालक भाग आधी जमवतो, पेटीवरील क्रमांक पडताळतो, आणि मगच गाडी गॅरेजात लावतो. उलट क्रमाने केल्यास उघडी गाडी दिवसेंदिवस गॅरेजात अडते आणि जो मिळेल तो भाग घालण्याचा मोह होतो. चुकीच्या निवडीचे हे फार साधे, पण खरे कारण आहे.

बसवणी

बसवणीचे तपशील प्रत्येक इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतात. निवडीशी संबंधित एवढेच येथे पुरे. ताण थंड इंजिनावर लावतात. नवा पट्टा चढवल्यावर क्रँकशाफ्ट हाताने, नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. होंडाच्या जुन्या डी-मालिकेचे इंजिन बहुतेक गाड्यांच्या उलट दिशेने फिरते, हे न जाणणाऱ्या मेकॅनिकची तेथे फसगत होते. हाताने फिरवताना मध्येच अडले तर जोर न लावता थांबावे. नवा पट्टा पक्कड किंवा स्क्रूड्रायव्हरने खेचून चढवावा लागत असेल, तर ताण मोकळा केलेला नाही किंवा पट्टा चुकीचा आहे, बहुधा दुसरे.

बिल आणि कायदा

वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार वेष्टनावर उत्पादक, वेष्टनकर्ता किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. खोटे व्यापारचिन्ह लावणे किंवा तसा माल विकणे यासाठी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. सदोष भागामुळे नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; तुर्भे ठाणे जिल्ह्यात मोडते. या सर्वांसाठी भागक्रमांक लिहिलेले बिल हाती असावे लागते. ‘टायमिंगचे सामान’ एवढीच नोंद असलेली चिठ्ठी पुराव्याला अपुरी पडते, आणि रोखीने, बिलाविना घेतलेल्या मालाबाबत तक्रारदार बहुधा रिकाम्या हाताने परततो.

काढलेले जुने भाग मेकॅनिककडून परत मागून घेण्याची पद्धत चांगली आहे: खरोखर काय बदलले ते त्यावरून कळते. नव्या पट्ट्याची तारीख, मीटरवरील आकडा आणि भागक्रमांक लिहिलेली चिकटपट्टी पुष्कळ गॅरेजे बॉनेटच्या आत किंवा टायमिंगच्या आवरणावर लावतात. गाडी पुढे विकली गेल्यास नव्या मालकाला पट्ट्याचे वय सांगणारी तीच एक नोंद उरते.